फरशीतून उगवलेलं नाव

झोळीवाल्या एका बाबांनी चौकातल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि अख्खा बाजार वाकून बघू लागला. भिजून काळ्या पडलेल्या दगडावर पांढुरकी अक्षरं उमटली : शेठपेठ.

"भूमाता आपलं खरं नाव सांगतेय!" बाबा गरजले. "इतकी वर्षं लाजत होती!"

भूमातेची लाज नेमकी तेलवाल्याच्या दुकानासमोर सुटली, हे कुणाला खटकलं नाही.

या बाजाराला सगळे 'मावशीचा थांबा' म्हणत. रस्ते मिळतात तिथं एक बाई गाडीवाल्यांना पाणी पाजायची. माणसं थांबू लागली, थांबता थांबता बाजार भरला. तिची नात आजही त्याच जागी मडकी विकते. शेठ म्हणजे तेलवाल्याचे आजोबा. पलीकडच्या वाडीला मात्र त्याच्या साडूच्या आजोबांचं नाव होतं. लग्नकार्यात साडू "या की एकदा आमच्या वाडीला" म्हणाला, की तेलवाल्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"नाव शेठचं, म्हणजे चौकही शेठचा," तेलवाला मडकीवालीला म्हणाला. "उचल पसारा."

"पाणी पाजलं माझ्या आजीनं, आणि नाव तुमच्या आजोबांचं?" ती कळवळून म्हणाली. गर्दी बाबांच्या पाया पडण्यात दंग होती.

आता साडूच्या पोटात दुखू लागलं. "बाबा, आमच्या वाडीचं नावही काढा की दगडातून! ही शेजारची फरशी घ्या."

"ती मौनात आहे."

"मग बोलती करू," साडूची बायको म्हणाली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाई तेलवाल्याच्या मेहुणी. त्यांनी किराणावाल्याकडून मेणबत्ती घेतली, कोरड्या फरशीवर घासली आणि वर पाणी ओतलं. दगड काळा पडला; मेण होतं तिथं पाणी शिरलंच नाही. अक्षरं दिसली : 'भावोजी, पुरे.'

मग बाबांची फरशी सुरीनं खरवडली. पात्यावर मेण आलं.

"तो भूमातेचा घाम आहे!" बाबा म्हणाले.

"वात लावून बघू का, जळतो का ते?"

बाबांनी झोळी उचलली. साडू खुलला, "म्हणजे आजोबांचं नाव फक्त आमच्याच वाडीला!"

"ते गाड्या अडवून भांडायचे, म्हणून गाडीवाल्यांनी ठेवलंय," बाई म्हणाल्या. "सासूबाईंनीच सांगितलं मला."

मडकीवाली जागची हलली नाही. तेलवाला दुकानात शिरला तो दिवसभर बाहेर आला नाही.

गावाला नाव येणारेजाणारे देतात. जमिनीला त्यात रस नसतो. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे एखादा दगड बोलू लागला, तर पाया पडण्याआधी नखानं खरवडून बघा. देव असेल तर रागावणार नाही. मेण असेल तर नखात येईल.