ब्रॅडीचं सरकतं दार

ग्लेन ओबर्स्टच्या तोंडात साखर होती आणि मर्ल स्टॅम्बॉच्या हातात कसब. या दोन गोष्टींवर ओहायो राज्यातल्या हार्लन्स फोर्ड गावातलं त्यांचं दुकान बावीस वर्षं चाललं होतं. गाड्यांना स्पीकर बसवायचे, हिवाळ्यात घरात बसूनच गाडी सुरू करायची किल्ली बसवायची, आणि पोलिसांची वेग मोजणारी रडारगन जवळ आली की टिवटिवणारे डिटेक्टर बसवायचे, हा धंदा. ग्लेन काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकाला हसवायचा, आणि मर्ल कुणाच्या तरी स्टेअरिंगखाली उताणा पडलेला असायचा. गावातले निम्मे लोक मर्लला चेहऱ्यापेक्षा बुटांवरून ओळखत.

मार्चमधल्या त्या बुधवारी ग्लेनने आपली नवी कोरी पिकअप आत आणून लावली आणि जुन्या गाडीतला डिटेक्टर मर्लच्या हातात ठेवला.

"लेका, याची वायर लोंबकळता कामा नये. मला ते सिगरेट-लायटरच्या भोकातून लोंबणारं शेपूट नको."

"पाहिजे कधी?"

"आजच. आणि दुसऱ्या कुणाला मी या गाडीला हात लावू देणार नाही, सांगून ठेवतो. तुझ्यासारखा हात अख्ख्या ओहायोत नाही."

असं काही ऐकलं की मर्ल खुलायचा. माणूस साठीला आला तरी कौतुकाला भुलतोच, त्यात त्याचा काही दोष नाही.

त्याने काम मन लावून केलं. काचेच्या वरच्या कडेला डिटेक्टर बसवला. त्याची बारीक वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटाने दाबत नेली, मग खिडकीच्या खांबातून खाली उतरवली. या खांबात एअरबॅग असते. घिसाडघाई करणारा वायर तिच्यापुढून नेतो, आणि अपघात झाला की तीच वायर माणसाच्या तोंडावर येते. मर्लने ती मागून नेली. त्यासाठी अर्धा तास जास्त लागला, आणि तो कुणाला कधी दिसणारही नव्हता. खाली फ्यूजच्या पेटीत मीटर लावून, किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी जागा शोधली, तिथे वेगळा छोटा फ्यूज घालून जोड दिला. काळी, अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या केलेल्या बोल्टखाली घट्ट आवळली. किल्ली फिरवली की यंत्र जागं, किल्ली काढली की झोपलं. उठताना पाठीने चांगलीच कळ दिली.

पाठीचं म्हणाल तर, ती या हिवाळ्यात फारच धरली होती. ग्लेनच्या सासूबाईंचं, लोइसबाईंचं, ऑक्टोबरात खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी ग्लेन त्यांना व्यायामाच्या उपचारांसाठी उत्तरेला मॅन्सफील्डला घेऊन जायचा. ते दोन दिवस मर्ल काउंटरही सांभाळायचा आणि गाड्याही. तक्रार त्याने कधी केली नाही. उलट त्याची बायको नेडीन दर सोमवारी कोंबडी-नूडल्सचं कॅसरोल ओव्हनमध्ये भाजून लोइसबाईंसाठी पाठवायची. आणि नोव्हेंबरात शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात मर्लला नोकरी चालून आली, पेन्शन होती, आरोग्य विमा होता, तेव्हा ग्लेनने त्याचा हात धरला होता. "तू गेलास तर मी संपलो, मर्ल. या वेळेला नको." मर्लने नोकरी नाकारली. नेडीन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

काम झालं, आता तपासायचं राहिलं. दुकानांची आपोआप सरकणारी दारं रडारसारख्याच लहरी सोडतात, म्हणून डिटेक्टर त्यांच्यावरही ओरडतो. तपासायला ती बरी. पण हे यंत्र होतं शिकणारं. एकाच ठिकाणी तीन-चारदा खोटी आरोळी ठोकली की ते ठिकाण लक्षात ठेवतं आणि पुढे तिथे गप्प बसतं. "बायकोपेक्षा हुशार, एकदा सांगितलं की पुन्हा बोलत नाही," असं म्हणून ग्लेनने अशी दोनशे तरी यंत्रं विकली असतील. यंत्राच्या खोक्यातलं माहितीपुस्तक मात्र त्याने कधी उघडलं नव्हतं. हार्लन्स फोर्डमधली सगळी दारं या यंत्राला तोंडपाठ असणार, हे मर्लला ठाऊक होतं. म्हणून तो दक्षिणेला ब्रॅडी गावी निघाला. चौदा मैल. ग्लेनचं तिथे काही कामच नव्हतं.

ब्रॅडीच्या मोठ्या किराणा दुकानासमोरून तो सावकाश गेला. यंत्र गप्प.

आपल्या हातून चूक? त्याने तिथेच गाडी लावली, पाठीला शिव्या देत खाली वाकला, फ्यूजवर मीटर धरलं. वीज बरोबर येत होती. काळी वायर ओढून पाहिली, दगडासारखी घट्ट. यंत्राचा दिवा हिरवागार. तो अर्धा मैल पुढे औषधांच्या दुकानापाशी गेला, तर यंत्र कान किटवील असं ओरडलं. परत किराणा दुकानासमोर आला. गप्प.

चूक नव्हती. यंत्राला हे दार पाठ होतं.

म्हणजे ग्लेन इथे पुन्हा पुन्हा येत होता. माणूस अशा वेळी आधी दुसऱ्याची बाजू घेतो, मर्लनेही घेतली. लोइसबाईंना इथलीच भाजी आवडत असेल. इथे त्यांचा कुणी डॉक्टर असेल. मग त्याला किराण्याला लागूनच असलेला गाळा दिसला. काचांना आतून कागद लावलेला, मागे गाड्या आत घ्यायची दोन मोठी दारं, आणि पुढच्या काचेवर शिडीवर चढून अक्षरं चिकटवणारी एक पन्नाशीची बाई. तिने पिकअप पाहिली आणि हात हलवला.

"ग्लेनची ना ही नवी गाडी? कालच दाखवली त्यांनी. त्यांनीच पाठवलं का तुम्हाला? बरं झालं बाई. जरा लांबून बघा, ओळ सरळ आली का?"

मर्ल गाडीतून उतरला. काचेवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ओबर्स्ट ऑटो साउंड. खाली लहान अक्षरांत: बावीस वर्षांचं चोख काम.

"सरळ आहे," तो म्हणाला.

"नक्की? नाहीतर ते ग्लेन मला सोडायचे नाहीत. फार बारीक लक्ष असतं त्यांचं. दर मंगळवार-गुरुवार येतात, फळ्या काय, दिवे काय, सगळं स्वतः उभं राहून. ऑक्टोबरपासून बघतेय मी, समोरच माझं पाट्यांचं दुकान. एक तारखेला उघडायचं म्हणतात."

"आणि काम कोण करणार? गाड्यांचं?"

"दोन पोरं घेतलीत कोलंबसहून. तुम्ही कोण त्यांचे?"

"मी वायरिंग करतो," तो म्हणाला.

परतीच्या चौदा मैलांत त्याला राग आला नाही, स्वतःच्या भोळेपणाची लाजच वाटली. ऑक्टोबरपासून! म्हणजे नोव्हेंबरात हात धरला तो कशासाठी, तर नवं दुकान तयार होईपर्यंत जुन्याचा गाडा कुणीतरी ओढायला हवा होता म्हणून. बैल विकायचाय, पण नांगरणी उरकून. आणि नेडीनची ती कॅसरोलं! पाच महिने दर सोमवारी ती ओव्हनपुढे उभी राहिली. ती कुणी खाल्ली? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ज्याचा कापला जातो त्याला वाटत राहतं की कुणी मानेवरून हात फिरवतंय.

पण मर्लचा स्वभाव असा की, तुटलेली वायर फेकण्याआधी ती जोडता येते का ते तो पाहायचा. त्याने गाडीत ठरवलं: मी विचारीन. तो खरं बोलला तर सगळं गिळीन. हात मिळवीन, शुभेच्छा देईन, नेडीनलाही समजावीन. फक्त एकदा त्याने खरं बोलावं.

दुकानात डोना प्रिचर्ड उभी होती, शाळेची बस चालवणारी. तिच्या स्वतःच्या गाडीचं सगळं काम पंधरा वर्षं मर्लच करत आला होता. ग्लेन तिला कसलातरी विनोद सांगत होता. मर्लने अंगातलं जाकीट काढून खुंटीला लावलं.

"झालं का, जादूगार?" ग्लेन म्हणाला.

"झालं. ग्लेन, लोइसबाई कशा आहेत?"

"अरे, काय सांगू!" ग्लेनने छातीवर हात ठेवला. "काल पहिल्यांदा काठीशिवाय चालल्या. मॅन्सफील्डची ती व्यायामवाली पोरगी टाळ्या वाजवायला लागली. आणि जाताना-येताना सगळं तुमच्याबद्दलच. नेडीनच्या हाताला चव आहे, म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं बघ त्यांच्या."

मर्लने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती. इतकं चोख काम मर्लने आयुष्यात केलं नव्हतं.

"तुझं यंत्र ब्रॅडीच्या किराणा दुकानासमोर गप्प बसलं," मर्ल म्हणाला.

ग्लेन डोनाकडे वळून हसला.

"बघ, आता हे असं होतं. वायर ढिली राहिली असेल कुठेतरी." त्याने आवाज उगाच मऊ केला. "मर्ल, गड्या, होतं असं. हात आता पूर्वीचा राहिला नाही तुझा, आणि आपण वाईट वाटून घ्यायचं नाही. माणूस सोन्याचा आहे, डोना, पण किती वर्षं पडायचं गाड्यांखाली? म्हणून तर रिटायर होतोय ना आमचा मर्ल."

"होय?" डोनाचा चेहरा उजळला. तिने मर्लचा हात दोन्ही हातांत धरला. "बोलला नाहीस कधी! अभिनंदन! कधीपासून?"

"ठाऊक नाही, डोना," मर्ल म्हणाला. "मलाही आत्ताच कळतंय."

डोना हसली, मग हसायची थांबली. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मर्लचा हात हळूच सोडला.

"मर्ल, मी तुला सांगणारच होतो," ग्लेन म्हणाला.

"वायर ढिली नाही," मर्ल म्हणाला. "बाकी तुला काय बोलायचं ते बोल. माझा हात बिघडला असं म्हणू नकोस. निदान तू तरी ते म्हणू नकोस."

पिकअपची किल्ली त्याने काउंटरवर ठेवली आणि तो बाहेर आला. वारा बोचरा होता, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा पांढरा थर अजून होता. नेडीनला फोन करून त्याने 'न्यायला ये' एवढंच सांगितलं. जाकीट आतच खुंटीवर राहिलं होतं. बावीस वर्षं ज्या दाराचं कुलूप त्याने स्वतः रोज सकाळी उघडलं, त्या दारातून आत जाऊन स्वतःचं जाकीट घ्यायला त्याचा पाय उचलेना, आणि तो तसाच कुडकुडत उभा राहिला.