मूळ फोल्डर बाद

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतून फोन आला की फाईल उघडत नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात फाईल न उघडणं ही काही बातमी नव्हती. कमलाकांत सावे यांनी नेहमीचं उत्तर दिलं, "जरा थांबून परत बघा," आणि चष्मा पुसायला घेतला. तो पुसून व्हायच्या आत गोदामातून फोन आला, मग उत्पादन विभागातून. तक्रार सगळ्यांची एकच होती. काल संध्याकाळपर्यंत उघडत होतं, आज नावावर क्लिक केलं की 'सापडत नाही' असं येतं.

सावे हे कागदपत्र विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, तीन लोखंडी कपाटं आणि तेजल तामोरे. तेजल समुद्रकाठच्या दांडी गावची, वडिलांची मासेमारीची होडी. वर्षभर ती इथं शिकाऊ म्हणून काम करत होती आणि त्या दिवशी तिचं कायमचं ठरायचं होतं. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखान्याची पाहणी करायला अकरा वाजता यायची होती. पाहणी सुरळीत पार पडली की तुझ्या नेमणुकीच्या पत्रावर संध्याकाळी सही करतो, असं व्यवस्थापक दिग्विजय मोरे यांनी तिला स्वतः सांगितलं होतं. पत्र टाईप होऊन त्यांच्या टेबलावर पडलं होतं. तिच्या आईनं आठवड्याभरापूर्वीच ही बातमी निम्म्या दांडीला सांगून टाकली होती, त्यामुळे आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

कारखान्याची सगळी कागदपत्रं गणपतीच्या आधी ऑनलाइन लायब्ररीत चढवली गेली होती. यंत्र कसं चालवायचं, नमुना कसा तपासायचा, आग लागली तर काय करायचं, सगळं तिथं. पण लोकांची जुनी खोड जाईना. ज्याला जी फाईल लागे ती तो आपल्या फोल्डरात कॉपी करून ठेवी, आणि मूळ फाईल सुधारली तरी हा आपला जुन्यावरच काम करत राही. त्यावर तेजलनं उपाय काढला. मूळ फाईल एकाच जागी राहील, कॉपी कुणी करायची नाही. प्रत्येक विभागाच्या फोल्डरात फक्त शॉर्टकट ठेवायचा. त्यावर क्लिक केलं की माणूस थेट मूळ फाईलवर जाईल.

शॉर्टकट कसा करायचा हे ती सावेंना अनेकदा शिकवून झाली होती. फाईलच्या नावापुढची तीन टिंबं दाबायची, 'शॉर्टकट' निवडायचं, तो कुठं ठेवायचा ते सांगायचं. सावे मान डोलवत, "आलं लक्षात" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत, "ती टिंबं कुठली म्हणालीस?"

खरं म्हणजे सावेंना ते पहिल्याच आठवड्यात जमलं होतं. पण न जमण्यात बरीच सोय होती. विचारलं की पोरगी खुर्ची ओढून शेजारी बसे, दोन गोष्टी बोले, तेवढ्यात कॅन्टीनची जमुना चहा घेऊन येई आणि काम दुसऱ्याच्या हातून होऊन जाई. सावेंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, ही कीर्ती कारखानाभर पसरली होती. ती पसरू देण्यात त्यांचा हात होताच.

आदल्या दिवशी संध्याकाळी तीन विभागांचे शॉर्टकट करायचे राहिले होते. सावेंचा पासवर्ड चुकीची अक्षरं दाबून दाबून बंद पडला होता, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर तेजलचं लॉगिन उघडं होतं. तिला बोईसर स्टेशनवरून दांडीची बस गाठायची होती.

"साहेब, उरलेलं मी सकाळी करते. तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका. आणि जाताना बंद करा," ती म्हणाली.

'हात लावू नका' हे शब्द सावेंना लागले. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ते थांबले. मग खुर्ची पुढं ओढून तिन्ही विभागांचे शॉर्टकट त्यांनी एकट्यानं केले. एकेक उघडून पाहिला. सगळे उघडत होते. इतकं नीट काम झालं की कुणाला तरी दाखवावं असं त्यांना वाटलं, पण खोलीत कुणी नव्हतं.

तिथं थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती. पण सावेंचा जन्म कागदाच्या नियमात गेलेला. नवी प्रत विभागाला दिली की जुनी परत आली पाहिजे, तिच्यावर लाल 'बाद' शिक्का बसला पाहिजे आणि ती फाडली गेली पाहिजे. एकाच कागदाच्या दोन प्रती कारखान्यात फिरणं म्हणजे त्यांच्या लेखी मांजर आणि दूध एका खोलीत ठेवण्यासारखं. एका कामगारानं जुनी प्रत यंत्राला खळीनं चिकटवली होती, तेव्हा सावेंनी स्वतः ब्लेड घेऊन ती खरवडून काढली होती. आता सगळ्या विभागांना नवीन मिळालं होतं, आणि काल-परवापर्यंत लोक जिथून उघडत होते ते मोठं फोल्डर मात्र तिथंच पडून होतं. नावं तीच, फाईली त्याच. म्हणजे जुनी प्रत.

सावेंनी ते फोल्डर निवडलं आणि डिलीट केलं. 'तुमची खात्री आहे ना?' असं पडद्यानं विचारलं. कारखान्यात इतक्या अदबीनं त्यांना क्वचितच कुणी विचारलं असेल. त्यांनी 'हो' दाबलं आणि शांत मनानं पालघरला घरी गेले.

सकाळी तेजल आली ती फोन वाजत असतानाच. तिनं उभ्याउभ्याच माऊस हातात घेतला.

"साहेब, मूळ फोल्डर कुठंय?"

"मूळ कपाटात आहे. चावी माझ्याकडे."

"कागदाचं नाही विचारत. आणि कपाटातलं गेल्या वर्षीचं आहे, त्यानंतर सगळ्या सह्या ऑनलाइन झाल्यात. इथलं फोल्डर कुठंय?"

"ते बाद केलं."

तेजल खाली बसली. "का?"

"नवीन दिलं ना सगळ्यांना. मग जुनं ठेवायचं कशाला?"

"साहेब, शॉर्टकट म्हणजे नवीन प्रत नाही हो. ती नुसती दोरी. आमच्याकडे एका होडीला पाच दोऱ्या बांधल्या म्हणून होड्या पाच होत नाहीत. तुम्ही होडी सोडून दिलीत आणि दोऱ्या मोजत बसलात."

"पण मी एकेक उघडून बघितलं होतं."

"बाद करायच्या आधी की नंतर?"

सावेंनी चष्मा काढला. "आधी."

तेजलनं पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. "आणि तुम्हाला हे सगळं जमलं कसं? तुम्ही तर मला रोज टिंबं विचारता."

"ते सावकाश बोलू."

तिनं लायब्ररीतली कचऱ्याची टोपली उघडली. फोल्डर तिथं होतं. ते परत आणण्याचं बटण तिनं दाबलं आणि पडद्यावर चक्र फिरू लागलं. फोल्डर मोठं होतं आणि औद्योगिक वसाहतीतलं इंटरनेट आपल्या मनाप्रमाणे चालणारं. पण चक्रापेक्षा तिची नजर शेजारच्या रकान्यावर खिळली होती. तिथं डिलीट करणाऱ्याचं नाव होतं: तेजल तामोरे.

सावेंनी ते वाचलं. आणखी एकदा वाचलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना जमुना चहा घेऊन आली; चक्र अजून फिरतच होतं. दोघांकडे पाहून तिनं किटली टेबलावर ठेवली. "काय झालं? दोघांची तोंडं वाळत घातलेल्या बोंबलावानी झालीत."

"जमुनाताई, आत्ता नको," तेजल म्हणाली.

"मी काय बोलली? साएब, तुमी तरी च्या घ्या. रोज येल न चुकता घेता, आज काय उपास हाय?"

सावेंनी कप घेतला तोच दिग्विजय मोरे आत आले. लातूरकडचा माणूस, सावेंपेक्षा वयानं बराच लहान, त्यांना काका म्हणणारा. त्यांच्याकडे तोवर चार विभागांची तक्रार पोचली होती. ते तेजलच्या मागं येऊन उभे राहिले आणि त्यांनीही तो रकाना वाचला.

"तामोरे, हे तू केलंस?"

तेजलनं माऊसवरचा हात काढला. हो म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर साहेबांचं नाव घ्यावं लागणार.

"मी केलं," सावे म्हणाले.

दिग्विजय हसले. "काका, राहू द्या. पोरीला सांभाळून घ्यायची तुमची भावना कळते मला."

"भावना नाही. मीच डिलीट केलं."

"परवा तुम्ही मला फोन करून सांगितलंत, ईमेलची प्रिंट काढून पाठवा, मग वाचतो. आणि आज म्हणता डिलीट केलं?"

"वाचता येतं मला ईमेल. कागदावर बरं वाटतं, एवढंच."

"येत आसल तं मंग तुमची वेफरची ऑर्डर मोबाईलवर मला का भरायला लावता?" जमुना दारातून म्हणाली.

आपली कीर्ती इतकी पक्की बसली असेल याचा सावेंना त्या क्षणापर्यंत अंदाज नव्हता. तिचा आता असा उपयोग होत होता की त्यांची चूक त्यांना स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती. त्यांनी तेजलला उठायची खूण केली, खुर्चीत बसले आणि माऊस हातात घेतला.

"बघा," ते म्हणाले.

तोवर परत आलेल्या थोड्या फाईलींतून त्यांनी सुरक्षा विभागाचं एक सूचनापत्र शोधलं, तीन टिंबं दाबली, शॉर्टकट निवडला, गोदामाचं फोल्डर निवडलं, ठेवला. मग तो उघडून दाखवला. मध्ये कुठं थांबले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही.

दिग्विजय पडद्याजवळ वाकले.

"हे कधी शिकलात?" दिग्विजयनी विचारलं.

"गणपतीच्या आधी."

"मग इतके दिवस या मुलीला रोज कामाला का लावलंत?"

सावेंनी कपाकडे पाहिलं. "विचारलं की चहा येतो."

जमुना पदर तोंडाला लावून हसली. तेजलला हसू आलं, पण तिनं ते दाबलं, कारण झालेला प्रकार कुणाच्या खात्यात जाईल हे अजून ठरलं नव्हतं.

"बरं," दिग्विजय म्हणाले. "शॉर्टकट दाखवलात. डिलीटही करून दाखवता?"

"नको," तेजल आणि जमुना एकदमच म्हणाल्या.

दिग्विजय हसायचे थांबले. "म्हणजे काका, तुम्हीच केलंत, हे मानतो. पण तुम्ही ते तामोरेच्या लॉगिनवरून केलंत. तिनं ते उघडं ठेवलं होतं."

"माझा पासवर्ड बंद पडला होता. मीच मागितलं."

"मागितलं तरी तिनं द्यायचं नव्हतं. आपलं लॉगिन दुसऱ्याला दिलं तर कारवाई होईल, हा नियम आपल्याकडे कुणी लिहिला?"

नियम सावेंनीच लिहिला होता. चार वेळा सुधारून, शेवटच्या वेळी 'शक्यतो' हा शब्द खोडून.

"'शक्यतो' खोडला तेव्हा मी आडवा आलो होतो, आठवतंय?" दिग्विजय म्हणाले. "आज पाहुण्यांनी नोंद बघितली आणि विचारलं, ही तामोरे कोण, तिनं आदल्या संध्याकाळी सगळी कागदपत्रं का काढून टाकली, तर मी काय सांगू?"

"मला बोलवा. मी सांगतो."

"तुमच्यावर विश्वास बसायला मला डेमो लागला, काका. त्यांना काय दाखवाल?"

तेजल हळूच म्हणाली, "सर, चूक माझीही आहे. बस सुटेल म्हणून घाई केली." दिग्विजयनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे खोलीतल्या कुणालाच कळलं नाही. फाटकावरून निरोप आला, पाहुण्यांच्या गाड्या आल्या, तसे ते निघून गेले.

साडेअकराच्या सुमारास चक्र थांबलं. फोल्डर जागेवर आलं आणि सगळे शॉर्टकट जणू काही झालंच नाही असे उघडू लागले. प्रयोगशाळेनं फोन करून तसं कळवलं. गोदामानं कळवलं नाही, म्हणजे तिथंही चालू झालं असावं.

सावेंनी मग कागद घेतला आणि झालेला प्रकार स्वतःच्या नावानं लिहून काढला. लॉगिन आपण मागितलं, फोल्डर आपण काढून टाकलं, तामोरेला त्याची कल्पना नव्हती. खाली सही केली, तारीख घातली आणि तो कागद नेऊन दिग्विजय मोरेंच्या टेबलावर नेमणुकीच्या पत्राशेजारी ठेवला. ते परत आल्यावर तेजलनं विचारलं, "साहेब, काय लिहिलंत?"

"जे झालं ते."

"टिंबांचंही?"

"तेवढं सोडून."

दुपारी दोनपर्यंतची माहिती अशी: पाहुणे प्रयोगशाळा बघून जेवायला बसले होते आणि जेवणानंतर कागदपत्र विभागात यायचे होते. फोल्डर कुणी, कधी काढून टाकलं ही नोंद लायब्ररीत जशीच्या तशी होती आणि त्यातलं नाव बदलता येत नव्हतं. दिग्विजय मोरे जेवणाआधी एकदा आपल्या केबिनमध्ये येऊन गेले होते. सावेंचा कागद त्यांनी उचलून नेला होता. नेमणुकीचं पत्र टेबलावरच होतं, आणि त्यावर सही झालेली नव्हती.