खात्रीची जागा

“हो, नक्की. माझी जागा सोडायची आहे,” बारकी फोनवर म्हणाली, तशी आईने काउंटरपलीकडून हात लांब करून तिची बाही ओढली. बारकीने बाही हलकेच सोडवून घेतली, फोनवरच्या बाईंचे आभार मानले आणि फोन पर्समध्ये टाकला.

दातांच्या दवाखान्यात जेवणाची सुट्टी होती. डॉक्टर आतल्या खोलीत डबा खात होत्या आणि बाहेर, जिथे आई रोज पेशंटना वेळा द्यायची, तिथे मायलेकी दोघीच होत्या. बारकी म्हणजे नावापुरती बारकी. आईपेक्षा चांगली वीतभर उंच झाली होती.

“कुठली जागा सोडलीस?”

“खात्रीच्या कॉलेजातली.”

आई मटकन खुर्चीत बसली. अर्ज भरायच्या वेळी शाळेतल्या सरांनी नीट समजावलं होतं, की एक कॉलेज उडीचं ठेवा, मिळालं तर नशीब. एक मार्कांना साजेसं. आणि एक खात्रीचं, जे नाही म्हणणारच नाही. त्या खात्रीच्या कॉलेजाचा होकार आला तेव्हा कुठे आईला अन्न गोड लागायला लागलं होतं. मग साजेशानेही बोलावलं आणि बारकीने तिथला प्रवेश पक्का केला. उडीचं मात्र अजून गप्प होतं. समुद्रातले जीव शिकायचे तर तिथेच, हे बारकीचं टुमणं सहावीपासूनचं.

“अगं, ती जागा काय खायला मागत होती का? उद्या साजेशाने काही खुसपट काढलं म्हणजे? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास.”

“तिथलं पक्कं झालंय, आई. मग ही कशाला अडवून ठेवू?”

“अडवतेस कुठे? असू दे म्हटलं आपली.”

“तू रोज घरी येऊन कुणाच्या नावाने बोटं मोडतेस?”

आईने समोरची वेळांची वही मिटली. दोन-दोन दवाखान्यांत वेळ घेऊन ठेवणारे आणि न येणार असले तरी कळवायचे कष्ट न घेणारे लोक, हा तिचा रोजचा विषय. त्यांच्यापायी कुणीतरी बिचारं सुजलेला गाल धरून घरी बसतं, हे सांगताना तिचा आवाज अजूनही चढायचा.

“मी ते कॉलेज बघायला गेले होते ना,” बारकी म्हणाली, “तिथे एक मुलगी भेटली. पायऱ्यांवर बसून अर्ज भरत होती. चुकेल म्हणून तीनतीनदा वाचत होती. मला म्हणाली, इथे मिळालं तर घरात नाचेन. तिचं ते उडीचं होतं, आई.”

आईने पाण्याची बाटली उघडली, न पिताच झाकण परत लावलं. आपण हे वर्षानुवर्षं तोंडाने बोललो आणि या पोरीने ते मनावर घेतलं, हे तिला आता कळत होतं. लेकीचं तिला फार कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही.

“मला विचारलं तरी असतंस,” ती एवढंच म्हणाली.

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते,” आई म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

पुढच्या आठवड्यात उडीच्या कॉलेजाचं उत्तर आलं. होकार नव्हता आणि नकारही नव्हता. बारकी प्रतीक्षा यादीत पहिली होती. कुणी जागा सोडली तर कळवू, असं त्यांनी लिहिलं होतं. बारकीने ते शांतपणे वाचून दाखवलं. तिचे कान तेवढे लाल झाले होते.

“नाही सुटली तर दुसरं आहेच,” ती म्हणाली.

“सुटेल गं,” आई म्हणाली.

पण दिवसभर पेशंटना वेळा देताना तिच्या डोळ्यांसमोर एक परकं घर येत राहिलं. त्या घरातल्या पोराला तिथे जायचंच नव्हतं, जागा नुसती हाताशी होती, आणि त्याची आई त्याला सांगत होती, बाबा, घाई कसली आहे? त्या बाईचा राग करायचा आईने खूप प्रयत्न केला. जमेना, बाई फार ओळखीची निघाली.