दहा यार्डांची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. मला कधी कुठले जनावर बांधले गेले नाही, की झोपाळा टांगला गेला नाही. माझी लांबी बरोबर दहा यार्ड आहे आणि तेवढेच मोजण्यासाठी मला बनवले गेले. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या लिंडाल गावी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला जोडले, तीन वेळा मोजले आणि दोन्ही टोकांना केशरी काठ्या लावल्या. मग त्याने मला गावातल्या कॉलेजच्या मैदानावर पोहोचवले.

आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्यांना द्यावा लागतो. बहुतेक वेळा पंचांना नजरेनेच समजते. पण कधी कधी बोटभराचा प्रश्न असतो. तेव्हा ते हात करून मला मैदानात बोलावत. हजारभर माणसे तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघू लागत. त्या शांततेची मला कधीच सवय झाली नाही. दर वेळी माझ्या कड्या शहारत.

माझी पुढची काठी सव्वीस वर्षे वर्न टोलेफ्सन यांच्या हातात होती. ते गावात टपाल वाटत असत. मागची काठी त्यांचे मित्र ग्लेन धरत. शरदात ते बीटचे ट्रक चालवत, पण शनिवारी ट्रक उभा करून मैदानावर येत. मला मैदानात नेताना जागा हलू नये म्हणून वर्न माझ्या मधल्या एका कडीला चिमटा लावत. तो चिमटा कडेला लावताना आणि आत मोजताना, दोन्ही वेळा मैदानावर आखलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागच्या कडेशी जुळवायचा, ही त्यांची कायमची पद्धत होती.

एका वर्षीचा हंगाम मला सांगायचा आहे. त्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आमचा संघ ओळीने अठ्ठावीस सामने हरला होता. ऑगस्टमध्ये बेचाळीस खेळाडू होते. कुणाचा गुडघा गेला, कुणाचे खांद्याचे हाड मोडले, काही जण कंटाळून सोडून गेले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत एकोणीस उरले. मैदानात एका वेळी अकरा लागतात. मोठ्या संघांत चढाई करणारे वेगळे आणि अडवणारे वेगळे असतात. आमच्यात आता दोन्ही कामे त्याच मुलांना करावी लागत होती.

प्रशिक्षक हाउगेन यांनी सगळ्यांना माझ्याजवळच गोळा केले.

"कॉलेज म्हणतंय, हंगाम इथेच थांबवायचा असेल तर थांबवा. कुणी नावं ठेवणार नाही. बोला."

 टेरिल प्रुइट बोलला. हा टेक्सासच्या उन्हातून आलेला, चेंडू घेऊन पळणारा मुलगा. "कोच, थांबलो तर शनिवारी करायचं काय? या गावात दुसरं आहे काय?"

सगळे हसले. हाउगेनही हसले. "बरं. मग उद्यापासून प्रत्येकाने तीन-तीन जागा शिकायच्या."

"मध्यंतरात बँडपण आम्हीच वाजवायचा का?" टेरिलने विचारले.

"नको. तुझं गाणं ऐकलंय मी बसमध्ये."

मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिले ते आजही खरे वाटत नाही. मुले चढाई करून यायची, पाण्याचे दोन घोट घ्यायची आणि वळून पुन्हा अडवायला जायची. माझ्याशेजारी गवतावर उताणी पडून ती धापा टाकायची आणि हाक आली की उठायची. दर वेळी उठायची! गावकरी आधी खेळाडूंच्या रिकाम्या बाकांकडे बघत बसायचे. हळूहळू ते उभे राहून सामना बघू लागले. संघ हरतच होता. पण शेवटच्या मिनिटाला घरी जाणारे लोक आता जागचे हलत नसत.

टेरिलला थंडी अजिबात सोसत नसे. एकदा वर्ननी स्वतःचे लोकरी हातमोजे काढून त्याला दिले.

"ओ आजोबा, तुमची बोटं गळून पडतील!"

"चाळीस वर्षं या थंडीत टपाल वाटलंय. गळायची असती तर कधीच गळली असती. घाल गपचूप."

नोव्हेंबरमध्ये शेवटचा सामना घरच्या मैदानावर मिलबर्गच्या संघाशी झाला. सकाळपासून बर्फ पडत होता. पट्टे दिसत नव्हते, माणसे फावड्याने ते मोकळे करत होती. आणि आमची मुले, तीच एकोणीस मुले, शेवटचे मिनिट उरले तेव्हा फक्त पाच गुणांनी मागे होती. चेंडू त्यांच्याकडेच होता. जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती गोलरेषा बारा यार्डांवर होती. चौथा प्रयत्न होता. टेरिल चेंडू छातीशी धरून घुसला. त्याच्यावर पाच-सहा जण कोसळले.

पंचांनी ढिगारा उपसला, चेंडूकडे पाहिले आणि हात केला. मला बोलावले होते.

वर्न, ग्लेन आणि मी आत गेलो. वर्ननी चिमटा पट्ट्याच्या मागच्या कडेशी जुळवला, काठी रोवली आणि मला ताणले. चेंडूचे नाक काठीच्या दोन बोटे पुढे होते! पंचांनी चेंडू आमचाच म्हणून हात पुढे केला आणि मैदानाभोवती उभ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजू लागले. मुले एकमेकांच्या गळ्यात पडली.

 वर्न मात्र त्या पट्ट्याकडे बघत होते.

"ग्लेन," ते हळूच म्हणाले, "मघाशी कडेला चिमटा लावला तेव्हा मागची कड बर्फाखाली होती. मी पुढच्या कडेवर लावला होता."

"मग?"

"आत्ता सवयीने मागच्या कडेवर ठेवला. चार बोटांचा फरक पडतो."

ग्लेननी आजूबाजूला पाहिले. "वर्न, कुणाला माहीत नाहीये."

"मला आहे ना."

आणि त्यांनी हात वर केला. "पंच, थांबा. मोजणी चुकलीय. चूक माझी आहे."

पुन्हा मोजले. चेंडूचे नाक काठीच्या दोन बोटे मागे राहिले. भोंगे थांबले. बाकांवरून कुणीतरी ओरडले, "वर्न, तू आहेस तरी कुणाकडून?"  मला गोळा करताना वर्न यांच्या उघड्या बोटांना माझ्या कड्या सापडत नव्हत्या.

चेंडू मिलबर्गला मिळाला. त्यांनी उरलेला वेळ काढला. आम्ही एकोणतिसावा सामना हरलो.

दर हिवाळ्यात वर्न तेल घालायला मला घरी नेत. त्या आठवड्यात मी त्यांच्या गॅरेजात खुंटीला लटकत होते. त्यांनी काठी सोडतो असे पत्र लिहून ठेवले होते. कॉफीच्या दुकानात आपण गेलो की लोक आता गप्प होतात, असे ते बायकोला सांगत होते. रविवारी सकाळी दारावर थाप पडली. हातमोजे परत करायला टेरिल आला होता.

"आजोबा, एक विचारू? तुम्ही गप्प बसला असता आणि आम्ही जिंकलो असतो, तर पुढे कधी मला सांगितलं असतं?"

वर्ननी तेलाच्या डब्याचे झाकण घट्ट फिरवले. "नाही. नसतं सांगितलं."

"म्हणजे मी आईला फोन करून सांगितलं असतं, आपण जिंकलो. पुढे माझ्या पोरांनाही सांगितलं असतं. ते खोटं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं." त्याने नाक पुसले. "बरं झालं हरलो. म्हणजे, बरं नाही झालं. खूप रडलो मी. पण बरं झालं."

वर्ननी टेबलावरचे पत्र उचलून खिशात कोंबले. मग दोघांनी मिळून मला खाली उतरवले आणि एकेक कडी पुसायला घेतली.

पुढच्या हंगामात सत्तावन्न मुले आली. संघाने चार सामने जिंकले. आता वर्न नाहीत. नवे मैदान झाले, नवी साखळी आली आणि मी कोठारातल्या एका खोक्यात आहे. माझ्या काही कड्यांना गंज चढला आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी फूटपट्टी असेल, तराजू असेल, माप असेल, तर ते जपा. ओले झाले तर पुसून ठेवा. आणि मोजणारा माणूस कधी हात वर करून "थांबा, माझं चुकलं" म्हणाला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला पुन्हा मोजू द्या.