तीन बियांची खंडणी

"बांधा त्याला, करकचून बांधा," मी गाडीतून उतरत म्हणालो. "आणि स्वस्तात सोडू नका. साऱ्या उत्तरेतल्या पंपांचा मोठा इंजिनियर आहे तो."

हे मीच म्हणालो. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

दोन मोटारसायकलींवर चार जण होते, तोंडावर फेटे, खांद्याला बंदुका. बंदूक काय, आमच्या नायजरच्या त्या भागात शेळ्या राखणाऱ्याच्याही खांद्याला असते. आमच्या ऑफिसचा पंप-मेकॅनिक सेनी वाळूत पालथा पडला होता, हात पाठीमागे बांधलेले, आणि खदाखदा हसत होता. गुलामांना आज फारच जोर चढलाय, असं तो म्हणत होता, आणि "माझी बायको चार बियांच्या वर एक बी देणार नाही, हे तुझ्या भाच्यांना सांगून ठेव घुमूर," असंही.

सेनी जातीचा झर्मा, मी तुआरेग. आमच्या दोन्ही जमातींचं नातंच थट्टेचं, वाडवडिलांनी लावून दिलेलं. तो मला गुलाम म्हणणार, मी त्याला. राग धरायचा नाही आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. दर सणाला माझे भाचे त्याला भर बाजारात पकडून बांधतात आणि त्याची बायको बीबाता कोलाच्या चार बिया मोजून त्याला सोडवून नेते. आमच्याकडे त्या सुपारीसारख्या चघळतात. सण आठ दिवसांवर आला होता. या वर्षी पोरांनी लवकर हात मारला, एवढंच मला वाटलं.

"खरंच मोठा इंजिनियर?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"खोटं कशाला सांगू? सरकार त्याच्याशिवाय पाणी पीत नाही."

त्यांनी सेनीला आमच्याच गाडीत टाकलं आणि गाडी घेऊन निघून गेले. मी बाभळीखाली बसून त्यांची वाट पाहिली. वळसा घालून परत येतील आणि माझी फजिती बघून हसतील, असं मनाशी म्हणत राहिलो. अर्धा तास गेला. एक तास गेला. मग उमगलं, हे माझे भाचे नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. इंजिनियर हवा असेल तर तीन कोटी फ्रँक, नाहीतर शुक्रवारी प्रेत घेऊन जा. साहेबांनी खरं ते सांगितलं, की हा रोजंदारीवरचा मेकॅनिक आहे, आमच्या अख्ख्या ऑफिसची किंमत तेवढी होणार नाही. फोन बंद झाला तो झालाच. ज्याचं काही मिळणार नाही अशा माणसाला कोण किती दिवस भाकरी घालणार?

मी बीबाताकडे गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या तोंडचं वाक्यसुद्धा. ती बाजरी कांडत होती. मुसळ थांबलं नाही.

"तू विकलंस त्याला," ती म्हणाली. "आता तूच आण."

पळवणाऱ्यांच्या एका मोटारसायकलच्या टाकीवर चामड्याचं झाकण होतं, हिरव्या कातडीच्या नक्षीचं. आमच्यात चामड्याचं काम लोहारांच्या बायका करतात, आणि तशी नक्षी आमच्या मुलखात एकच लोहारीण करते. उसना उंट घेतला आणि तिला गाठलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. ते झाकण तमकोच्या पोराचं, अत्ताहेरचं, म्हणाली, आणि त्याच्या बदल्यात ठरलेली बकरी त्याने अजून दिलेली नाही.

तमकोला मी ओळखत होतो. तिच्या विहिरीवरचा पंप सेनीने तीनदा दुरुस्त केला होता, आणि तिन्ही वेळा तिने त्याला वेडंवाकडं बोलत दूध पाजलं होतं.  माझं ऐकून म्हातारीने विचारलं, "माझ्या पोराने झर्माला बांधलं? खऱ्या पैशांसाठी?"

"हो, मावशी."

"बिया आहेत तुझ्याकडे?"

सणासाठी घेतलेल्या चार बिया माझ्या खिशात होत्या. तिने त्या ओच्यात बांधल्या, उंट बसवायला लावला आणि माझ्या आधी वर चढली. लेकाचा तळ कुठे असतो, ते तिला ठाऊक होतं; वाट तीच दाखवत होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

भर दुपारी आम्ही ते लपले होते त्या झाडांपाशी पोहोचलो. बंदुका उठल्या. आईला बघून अत्ताहेरने घाईघाईने फेटा नाकावर ओढला. आईसमोर उघडं तोंड आमच्यात बेअदबी. सेनी आमच्याच गाडीच्या चाकाला बांधलेला होता. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

तमको उतरली. ओच्यातली एक बी तिने स्वतःच्या तोंडात टाकली आणि उरलेल्या तीन लेकाच्या हातावर ठेवल्या.

"ही घे खंडणी. तीनच. चौथी मला यायच्या त्रासाची."

"आई, हा खेळ नाही."

"झर्माला धरण्याचा दुसरा प्रकार माझ्या बापाने मला शिकवला नाही. तुझ्या बापाने तुला शिकवला असेल तर सांग. मी तंबू मोडते आणि तुझ्या बापाचं नाव टाकते."

आमच्यात तंबू बायकोचा असतो; तिने तो मोडला की संसार मोडला. माझी नजर अत्ताहेरच्या बोटावर होती, बंदुकीच्या घोड्यावरच्या. मग मागे उभ्या असलेल्यांपैकी एकाला हसू आवरेना. तो खोकल्यासारखं करू लागला, शेजारच्यालाही तेच झालं आणि बघता बघता तिघेही पोट धरून हसायला लागले. हसणाऱ्या माणसांसमोर गोळी झाडायची कशी? अत्ताहेरने बियांवर मूठ मिटली. सेनीचे दोर सुटले, गाडी मात्र त्याने दिली नाही.

परतीच्या वाटेवर तमकोला तिच्या विहिरीवर सोडलं. त्यानंतर उंटावर सेनी आणि मी दोघेच. मला इतका आनंद झाला होता, की तोंड बंद होईना. तुला तीन बियांत सोडवलं रे, एका बीने भाव उतरला तुझा, असं मी म्हणालो. गुलामाचं ओझं वाहून उसना उंट बाटला, म्हणालो. शिव्यांची नुसती सरबत्ती केली.

सेनी म्हणाला, "तू त्यांना सांगितलंस ना, म्हणून मला वाटलं तुझेच भाचे आहेत. संध्याकाळपर्यंत मी हसत होतो, घुमूर. ते मारत होते तरी हसत होतो. म्हटलं, या वर्षी पोरांनी सोंग छान वठवलंय."

मी खाली उतरलो आणि उरलेली वाट उंटाचा दोर धरून चालत राहिलो.

त्याच्या दाराशी बीबाता उभी होती. ती रडली, त्याचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला. मी उंटाचा दोर धरून बाजूला उभा राहिलो. आता तो वळेल आणि म्हणेल, ए गुलामा, बघतोस काय, पाणी आण. एवढंच मला हवं होतं.

तो वळला. उजवा हात छातीवर ठेवून त्याने माझ्या घरच्यांची खुशाली विचारली. शेळ्यांची विचारली. यंदा चारा कसा आहे, तेही विचारलं.

"फार त्रास घेतलात माझ्यासाठी," तो म्हणाला. "अल्ला तुमचं भलं करो."

आणि वाकून, पाहुण्याला करतात तसा निरोप घेऊन तो आत गेला.