हात वर करून घेतलेलं माप

मी एक जुना लोकरीचा कोट आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या कोपरांवर दोनदा ठिगळं बसली आहेत आणि तिसऱ्यांदा बसणार आहेत, तीही आजच! म्हणून तर सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. कोटाला पाय कुठले म्हणता? अहो मित्रांनो, असते तर ठरले नसते!

माझा जन्म बंदराजवळच्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. विजेच्या खांबांवर चढणाऱ्या एका वायरमनसाठी त्यांनी मला शिवलं. त्याचे हात दिवसभर वरच असायचे, म्हणून मास्तरांनी त्याचं माप हात वर करायला लावून घेतलं. हात मोकळे फिरावेत म्हणून माझ्या काखेत चौबगले घातले, म्हणजे कापडाचे भलेमोठे चौकोनी तुकडे. पण वायरमनची बदली झाली, आणि तो गेला तो गेलाच. मी खुंटीवर राहिलो. हात खाली सोडले की माझ्या काखेत दोन्हीकडे फुगवटे येत. गिऱ्हाईक मला घाली, आरशात बघून हसे आणि काढून ठेवी. तीन हिवाळे हेच चाललं.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी दोघी बहिणी दुकानात आल्या. धाकटी धक्क्यावर क्रेनला इशारे द्यायची. क्रेनवाला उंचावर, काचेच्या खोलीत. वाऱ्यात त्याला आवाज ऐकू जात नसे, फक्त तिचे हात दिसत. आदल्याच आठवड्यात वारा तिच्या आखूड कोटात खालून शिरला. कोट धरायला तिने झटकन हात खाली घेतले, आणि क्रेनवाल्याला वाटलं, माल खाली सोडायचा! भलीमोठी पेटी दोघा हमालांपासून हातभर अंतरावर आदळली. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर धक्का बंद, कचेरीत बसायचं. आणि उद्यापासून वारा वाढणार होता.

"कचेरीत बसवलं ना ताई, तर मी वेडी होईन गं!" ती म्हणाली.

"वेडीबिडी काही होत नाहीस. हा बघ, कमरेत कसा छान बसतोय!" ताईने एक निळा कोट पुढे केला. मागचा आखूड कोटही ताईनेच याच आरशासमोर पसंत केला होता. मी खुंटीवरून सगळं पाहिलं होतं.

निळा झाला, तपकिरी झाला. धाकटी हात खाली सोडून आरशासमोर सरळ उभी राही, आणि सगळेच कोट छान दिसत. अगं बाई, आरशात वारा असतो का? मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण माझं ऐकतंय कोण!

मास्तर वरच्या फळीवरचा खोका काढायला शिडीवर चढले. तेवढ्यात ताईचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हा घाल ना, गंमत म्हणून!"

धाकटीने मला अंगात घातलं. ताई हसता हसता खालीच बसली. "काखेत दोन कलिंगडं लपवल्यासारखी दिसतेस!"

आणि वर खोका सरकला! मास्तरांचा तोल जायला लागला. सवयीनेच धाकटीचे दोन्ही हात ताडकन वर गेले. "थांबा! हलू नका!" मास्तर होते तिथेच थबकले, ताईने धावत जाऊन शिडी धरली, आणि खोका पुन्हा फळीवर गेला.

धाकटीचे हात मात्र वरच! ती आरशात बघत होती. माझी खालची कड बोटभरही उचलली नव्हती. मनगटं झाकलेली, गळा बंद, फुगवटे गायब. तिने उजवा हात गोल फिरवला, डावा आडवा केला, होते नव्हते ते सगळे इशारे करून पाहिले. माझा एक टाका कुरकुरला नाही. मित्रांनो, आनंदाने माझी बटणं तुटायची बाकी राहिली होती!

"मास्तर, हा कुणाच्या मापाचा?"

"होता एक वायरमन. तुझ्याच चणीचा होता, पोरी," शिडीवरूनच मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर काय वारा होता म्हणून सांगू! हमालांच्या टोप्या उडून पाण्यात पडल्या. मी म्हटलं, ये लेका, बघू कुठून शिरतोस! जहाजातली शेवटची पेटी अलगद टेकेपर्यंत तिचे हात नको तेव्हा एकदाही खाली आले नाहीत. क्रेनवाल्याने वरून हात हलवला. त्यानंतर बावीस हिवाळे आम्ही धक्का सोडला नाही.

पुढे ती निवृत्त झाली आणि मी ट्रंकेत गेलो. तिथे मला कसर लागली, दोन बटणं हरवली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? वर्षातून एकदा झटकावं, हवा दाखवावी, उसवलं तर वेळेवर टाका घालावा, एवढंच तर मागणं असतं आमचं. तुमच्या घरातही एखादा कोट असा विसरला गेला असेल, तर आजच बाहेर काढा हो.

आज माझी ट्रंक उघडली! धाकटीची मुलगी आईच्याच कामावर लागली आहे, उद्या तिचा पहिला दिवस. मला घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "मावशी, काखेत हे काय गं फुगलंय?"

ताईच्या डोक्यावर आता काळा केस शोधावा लागतो. माझ्या ठिगळासाठी सुईत दोरा ओवता ओवता ती खेकसली, "आरशात काय बघतेस? हात वर कर!"