परातीतलं स्वच्छ पाणी

मी मंगलीबाईची पितळी परात बोलतेय. माझे काठ अजून काळे आहेत, आणि कुणी ते घासू नयेत म्हणून हे सांगणं आहे.

अहेरीच्या बाजारातून मंगलीबाईनं मला आणलं ते पीठ मळायला. एटापल्लीकडच्या आमच्या गावात प्रार्थना सुरू झाली तीही तिच्याच ओसरीत. पत्रूभाऊ तेव्हा नवे सेवक. येशूनं वधस्तंभाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी त्यांनीही गावकऱ्यांचे पाय धुवायचं ठरवलं. भांडं नव्हतं. मंगलीबाईनं पीठ काढून मलाच पुढं केलं. पत्रूभाऊ मातीत गुडघे टेकून बसले. चिखल, शेण, भेगांतली धूळ, सगळं माझ्यात उतरलं. मी भरून पावले.

पुढं चर्चची पक्की इमारत झाली. दरसाल पाय धुवायला मलाच तिथं नेऊ लागले. भोंगा आला. फ्लेक्सवर पत्रूभाऊंचा चेहरा आला, येशूच्या चेहऱ्याहून हातभर मोठा. लोक ‘पास्टरसाहेब’ म्हणू लागले. आधी ते लाजत. मग कुणी नुसतं ‘भाऊ’ म्हटलं की त्यांना ऐकूच येईना.

यंदा गडचिरोलीहून पाहुणे येणार, शूटिंग होणार. मला चिंच लावून लखलखीत केलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्यांचे पाय धुवायचे त्यांना निरोप गेला, साबणानं घासून या. बिचारे हापशीवर पाय घासून, वर पावडर लावून आले.

मंगलीबाई मात्र थेट जंगलातून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं वेचायला जागा मोकळी हवी, म्हणून मोहाच्या झाडाखालचा पाला जाळून. पाय घोट्यापर्यंत राखेनं काळे. दरसालसारखी बाकावर बसली.

पत्रूभाऊ वाकून हळूच म्हणाले, “बाई, मागं बसा. पाणी काळं होते, शूटिंगमधी बरं नाई दिसत.”

“पाय धुतल्यावर पाणी काळं नाई होईन तं का दूध होईन, पत्रू?”

कुणीतरी हसलं. ती उठली. “राहू दे. पाहुणे हायेत तुये.” आणि मागं न बसता घरीच गेली.

प्रार्थना संपल्यावर पत्रूभाऊ मला रिकामं करायला बाहेर आले. इतके पाय धुऊनही पाणी नितळच. त्यात त्यांचा चेहरा दिसला, फ्लेक्सवरचाच. त्यांनी मान खाली घातली. पाणी मातीत ओतून टाकलं. मला माझी लकाकी नकोशी झाली.

उजाडताच मला काखेत घेऊन ते मोहाखाली गेले.

“बाई, पाय धुवू द्या.”

“आधी फुलं वेच. ऊन चढून राह्यलं.”

चपला काढून ते वेचू लागले. त्यांचेही पाय काळे झाले. मग मंगलीबाईनं तिच्या गुंडीतलं पाणी माझ्यात ओतलं. “बस.”

ते मागं सरकले. “नाई बाई. तुमी माह्ये पाय नाई धुवाचे. मी सेवक आहो.”

“येशू पाय धुवाले बसला तवा पेत्रबी असाच आडला होता. तूच सांगतलं आमाले.”

ते बसले. तिनं एकेक बोट चोळून धुतलं. मग त्यांनी तिचे पाय धुतले. पाणी इतकं काळं झालं की त्यात कुणाचाच चेहरा दिसेना. पत्रूभाऊ रडत होते. ती म्हणाली, “पाणी बस झालं, भाऊ. अजून नको टाकू.”

पुनरुत्थानाच्या रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी ‘भाऊ’ म्हणून हाक मारली. ते वळले.

मी आता पुन्हा मंगलीबाईच्या चुलीजवळ आहे. पुढच्या वर्षी मला जरूर न्या, बाबांनो. फक्त चिंच लावू नका, आणि पाय तसेच घेऊन या.